पाळीत सोडतात

"खोटं कुठं बोलले म्या? पाळीत सोडत्यातच की."

पत्र्याच्या पलीकडून हे ऐकू आलं आणि मागोमाग चार-पाच जणींचं दाबलेलं हसू. मी पत्र्याच्या अलीकडे, पायरीवर, मांडीत डबा घेऊन बसले होते. आवाज कामथडीच्या मावशींचा होता. तासाभरापूर्वी याच मावशी ऑफिसातल्या खुर्चीत पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि ऑडिटर बाईंच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं मराठीत, आणि मधे मी.

"तुमची तरी चालू हाय अजून," मावशी म्हणाल्या. "माझी जाऊन जमाना झाला. म्या काय आता रिटायर झाल्यावरच जायचं?"

परत हसू. मग कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "आन् मी? मला तर पाचवा लागला."

यावर कोणी हसलं नाही. डबे विसळायचा आवाज तेवढा येत राहिला.

आमच्या कारखान्यात बायकांना नावापेक्षा गावावरून ओळखतात. एकाच नावाच्या तिघी-चौघी असतात, गाव सांगितलं की घोटाळा होत नाही. म्हणून कामथडीच्या मावशी, आणि हा दुसरा आवाज होता तो मार्गासनीचीचा. ती जवळपास माझ्याच वयाची. वेल्ह्याच्या बाजूच्या बायकांना घेऊन येणारा कंपनीचा टेम्पो सकाळी फाटकाशी थांबतो, त्यातून ती सगळ्यांत शेवटी, दांडीला धरून, जपून उतरते. तिला दिवस गेलेत हे दोन महिन्यांपूर्वीच सगळ्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं, पण मी तिला काही बोलले नव्हते. अशा वेळी काय बोलतात ते मला सुचत नाही.

ती मंडळी कशाला हसत होती ते मला लगेच कळलं नाही. आधी वाटलं, आपल्याला हसतायत. त्याची मला सवय होती.

मी भोरची. वडील मराठी शाळेत शिक्षक, पण मला त्यांनी इंग्रजी माध्यमात घातलं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि आकडे कायमचे अधांतरी. एकोणसाठ म्हणजे पन्नासच्या घरातले की साठच्या, हे आजही मी मनात एकदा पडताळून बघते. कारखान्यातल्या बायकांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हापासून दिसले की विचारायच्या, "मॅडम, एकोनऐंशी क्रेट आलेत म्हनं, म्हंजी किती वो?" मी लाल व्हायचे, त्या खूश व्हायच्या. त्यात वाईट काही नव्हतं. मला परत काही बोलता आलं असतं तर त्यांना जास्त आवडलं असतं, पण मला ते जमत नसे. मी मान खाली घालून ऑफिसात जायचे.

कारखाना पुणे-सातारा रस्त्याला लागून आहे. भोरहून स्वारगेटला जाणारी एसटी मला समोरच सोडते. तिथे डाळिंबं सोलली जातात. दाणे मोकळे करायचे, पांढरे आणि फुटके वेचून काढायचे, छोट्या पारदर्शक डब्यांत भरायचे. ते डबे विमानाने परदेशातल्या दुकानांत जातात. वेचायचं काम बायकांचं. हॉल इतका थंड ठेवलेला असतो की बाहेर डोंगर तापलेले असले तरी आत तोंडातून वाफ निघेल असं वाटतं. पांढरा एप्रन, टोपी, मास्क, हातमोजे, गमबूट, त्याखाली साडीवर स्वेटर. माझं काम वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात. लेबलं तपासायची, कागद नीट लावायचे, ईमेलना इंग्रजीत उत्तरं द्यायची. ईमेलमध्ये कुणी तुमच्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून ते काम मला आवडत होतं.

त्या दिवशी ज्या परदेशी दुकानांना आमचा माल जातो त्यांच्या वतीने एक ऑडिटर बाई आल्या होत्या. बेंगळुरूच्या होत्या. हिंदी जेमतेम, मराठी अजिबात नाही. त्यांच्याबरोबर यायची ती दुभाषी मुलगी आजारी पडली होती. साहेबांनी मला बोलावलं. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या की कारखान्यातलीच माणसं दुभाषी म्हणून घेणं नियमात बसत नाही, पण आज इलाज नाही. मग साहेबांना त्यांनी नम्रपणे बाहेर थांबायला सांगितलं. ते थांबले. साहेब माणूस बरा आहे. मला शेवटची एसटी चुकू नये म्हणून संध्याकाळी तेच आठवण करतात.

पाच बायकांना एकत्र बोलावलं होतं. त्यात कामथडीच्या मावशी होत्या आणि मार्गासनीचीही. ऑडिटर बाईंनी आधी पायातले बूट सैल केले, सगळ्यांना पाणी विचारलं, मग प्रश्न सुरू केले. त्यांचा आवाज मऊ होता. वय विचारलं, कागदपत्रं कुणी काढून घेतली आहेत का विचारलं, कुणी अंगाला हात लावतं का, शिव्या देतं का. मी एकेक प्रश्न मराठीत करत होते आणि मला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. इतक्या माणसांसमोर मी इतकं सलग कधी बोलले नव्हते.

मग प्रश्न आला, शिफ्ट चालू असताना तुम्हाला हवं तेव्हा वॉशरूमला जाता येतं का.

इथे माझं चुकलं. तिथे सगळ्या बायका शिफ्टला ‘ड्युटी’ म्हणतात. मी ‘ड्युटीवर’ म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण एकोणऐंशीवरून चिडवून घेतलेल्या मुलीला त्या दिवशी चांगलं मराठी बोलायचं होतं. समोरच्या भिंतीवर सरकारी फलक होता, कारखान्याच्या कायद्यातली कलमं मराठीत छापलेला. त्यावर ठळक अक्षरात ‘कामाच्या पाळ्या’ असं होतं. मी तो शब्द उचलला आणि विचारलं, "पाळीत तुम्हाला वॉशरूमला जाऊ देतात का?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मार्गासनीचीने नजर खाली केली. एकीने पदराने तोंड झाकलं. मावशींनीच शेवटी उत्तर दिलं, "पाळीत? व्हय. पाळीत सोडत्यात."

मी ऑडिटर बाईंना सांगितलं, हो, शिफ्टमध्ये जाऊ देतात. त्यांनी मान डोलावली, टॅबलेटवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

दुसऱ्या अर्थाने तो शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पण आमच्या घरी आई ‘अडचण आहे’ म्हणते आणि शाळेत सगळ्या मुली ‘पिरियड्स’ म्हणायच्या. पाळी हा शब्द मी कुठेतरी वाचला होता, तोंडाने कधी म्हटला नव्हता. जो शब्द आपण कधी बोलत नाही, तो आपल्या तोंडून गेला तरी लक्षात येत नाही.

पायरीवर बसून मला हे सगळं सावकाश उलगडत गेलं. पाळीत सोडतात. म्हणजे एरवी सोडत नाहीत. मावशींची गेली, म्हणून त्यांना नाही. मार्गासनीचीला पाचवा महिना, म्हणून तिला नाही.

आणि मग रोज पाहिलेल्या कितीतरी गोष्टी एकदम समोर आल्या. टेम्पोतून परत जाताना बायकांच्या पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असायच्या. मला वाटायचं, कंपनीचं फिल्टरचं पाणी चांगलं आहे म्हणून घरी पोरांना नेतात. कुणाच्याही डब्यात आमटी नसायची, ऐन उन्हाळ्यातही ताक नसायचं. भाकरी आणि कोरडी चटणी, नाहीतर सुकी भाजी. सकाळी ऑडिटर बाईंबरोबर बायकांची स्वच्छतागृहं बघितली तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की फारच स्वच्छ आहेत. होतीच. जमीन कोरडी खडखडीत होती आणि साबणावरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. हॉलच्या दाराशी सुपरवायझर ताईंच्या टेबलाजवळ खिळ्याला एक लाल प्लॅस्टिकचा बिल्ला टांगलेला असतो. मी जाता-येता तो बघायचे. मला वाटायचं, तो फाटकाबाहेर जायचा पास असेल.

"ये की मॅडम हिकडं," पत्र्याच्या कडेने मावशींचं डोकं बाहेर आलं. "पत्र्याला कान लावून जेवन गोड लागतंय व्हय?"

माझी चप्पल दिसली असणार. मी डबा घेऊन पलीकडे गेले. नळाच्या कट्ट्यावर त्या सगळ्या बसल्या होत्या. एकीने सरकून जागा केली. मी म्हटलं की मला कामाच्या वेळेबद्दल विचारायचं होतं, त्या वेळेबद्दल नाही. एवढं बोलतानाच माझे कान गरम झाले.

क्षणभर कुणाला कळेना. मग मावशी हसायला लागल्या ते त्यांना ठसकाच लागला. "अगं बया," त्या म्हणाल्या, "आमाला वाटलं तिकडच्या बाया असलंच मोकळंढाकळं इचारत्यात. म्हनलं इचारत्यात तर सांगावं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. एकीने सुरू केलं की दुसरी पुढे न्यायची. बाहेर जायचं म्हणजे सगळा सरंजाम उतरवायचा, परत येताना कोपरापर्यंत हात धुवायचे, सगळं पुन्हा चढवायचं. तोवर दाण्यांचा सरकता पट्टा पुढे जातो आणि तिच्या वाटचे दाणे शेजारणीवर येतात. गेल्या दिवाळीपासून पट्ट्याचा वेग वाढला, तेव्हा तो बिल्ला आला. एका लाईनला एक. तो नेताना सुपरवायझर ताईंना कारण सांगायचं. ताई प्रत्येक कारणावर हुज्जत घालतात, फक्त पाळी म्हटलं की घालत नाहीत, कारण पांढऱ्या एप्रनला डाग लागला आणि वरून कुणी पाहिलं तर त्यांच्यावरच येतं. म्हणून मग सगळ्याजणी पाळीच सांगतात. ताईंनाही ते कळतं. त्या म्हणतात, तुमच्यात काय आठवड्याची पद्धत हाय का गं?

हे सांगताना त्या हसत होत्या. मार्गासनीची हसत नव्हती. ताईंना तिचं कळलं तेव्हा त्या तिला म्हणाल्या होत्या, आणि वाईट मनाने नाही, चेष्टेनेच म्हणाल्या होत्या की तुझं बरंय, आता नऊ महिने बिल्ल्याची कटकट नाही. त्या दिवसापासून ती सकाळी घरातून निघताना चहासुद्धा घेत नव्हती. थंडीत बसून पोट दुखायचं. दोनदा ताप येऊन गेला होता. वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं की लघवीला जंतू झालेत, पाणी भरपूर पी, दाबून धरू नकोस, पोटातल्या बाळाला चांगलं नाही.

"सासूबाई म्हनत्यात, आता परत ताप आला तर घरीच बस," ती म्हणाली. "बाळ झाल्यावर त्या सांभाळनार हायेत. आन् मी परत येनार हाय. तसं ठरलंय आमचं. पन आजारी पडले तर समदंच मोडतं."

ती माझ्याकडे न बघता बोलत होती. हातातली बाटली तिने दोन्ही गुडघ्यांत धरली होती. बाटली तोंडापर्यंत भरलेली होती.

मी विचारलं, "मी सांगू का बाईंना?"

टेम्पोने येणारी एक बाई, इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली की ऑर्डर गेली तर टेम्पो बंद होईल, मग बसा घरी पाटीभर शेण गोळा करत. तिचं खोटं नव्हतं. मार्गासनीपासून इथपर्यंत रोज सकाळी एसटीने वेळेत पोचणं कुणालाच जमलं नसतं.

"माझं नाव निघंल का?" मार्गासनीचीने विचारलं.

मला खात्रीने ‘नाही’ म्हणता येईना. पाचच जणी होत्या, साहेबांनी पाहिल्या होत्या. मी तसं सांगितलं.

मावशींनी डब्याचं झाकण लावलं. "ही बग," त्या म्हणाल्या, "आमी काय तक्रार केली न्हाई. जे इचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. चुकलं तुझं. चुकलं का न्हाई? मग तुझंच चुकलं म्हनून सांग. आमच्यावर कसं येतंय?"

मी मार्गासनीचीकडे बघितलं.

"मला फकस्त जाता यावं," ती म्हणाली. "दुसरं काय नगं. कुनाचं वाईट बी नगं."

घंटा झाली. त्या उठल्या, एकेक करून हात धुतले आणि आत गेल्या.

मी वर ऑफिसात आले. ऑडिटर बाई साहेबांबरोबर गोदाम बघायला गेल्या होत्या. मी कॉम्प्युटर उघडला. त्या दुकानांचे दोन ईमेल माझ्याकडे उत्तरासाठी पडले होते. एक त्यांच्या खरेदी खात्याचा. सणाची मागणी आहे, पुढचा माल आधी ठरल्यापेक्षा लवकर पाठवता आला तर बघा, नाहीतर आम्हाला दुसरीकडे विचारावं लागेल, असं अतिशय गोड भाषेत. दुसरा ऑडिटच्या संदर्भात होता. त्यात लिहिलं होतं की आमच्यासाठी काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचा सन्मान आम्हाला महत्त्वाचा वाटतो. दोन्हींच्या खाली एकाच कंपनीचं बोधचिन्ह होतं. ही दोन माणसं एकाच इमारतीत बसत असतील, कदाचित एकाच कॅन्टीनमध्ये जेवत असतील, आणि एकमेकांना काय लिहितो ते कधी दाखवत नसतील असं मला वाटलं. पट्ट्याचा वेग पहिल्या ईमेलने वाढतो आणि बाथरूमबद्दल दुसरा ईमेल विचारतो. दोन्हींची उत्तरं मीच लिहीत होते, त्यांच्यासारख्याच गोड इंग्रजीत, आणि मलाही ते इतके दिवस दिसलं नव्हतं.

मग मी उठून त्या सरकारी फलकापाशी गेले. सकाळी फक्त एक शब्द उचलला होता, आता सगळा वाचला. स्वच्छतागृहांबद्दलचं कलम खाली, बारीक अक्षरांत होतं. कामगार कारखान्यात असेपर्यंत त्यांना ती केव्हाही वापरता आली पाहिजेत, अशा अर्थाचं वाक्य होतं. केव्हाही. सरकारने ते लिहून ठेवलं होतं आणि भिंतीवर लावायला लावलं होतं. फक्त ती भिंत आमच्या ऑफिसातली होती. पट्ट्यावरून ती दिसत नाही. मागे एकदा तपासणीला सरकारी साहेब आले होते. थकलेले होते, त्याच दिवशी त्यांना अजून कुठे कुठे जायचं होतं. फलक लावलाय का पाहिलं, स्वच्छतागृहांची दारं उघडून पाहिली, कड्या लागतात का पाहिलं. दारं होती, कड्याही होत्या. ती दारं कुणासाठी केव्हा उघडतात हे बघायला दिवसभर तिथे बसावं लागलं असतं.

ऑडिटर बाईंना एकटीला गाठून सांगावं असं मी ठरवलं होतं. दुपारभर ते जमलं नाही. साहेब त्यांच्या बरोबरच होते, आदराने, प्रत्येक दार पुढे होऊन उघडत. मधे एकदा बाई वॉशरूमला गेल्या तेव्हा मी जिन्यात उभी राहिले, पण साहेबही जिन्याच्या तोंडाशी त्यांची वाट बघत थांबले होते. मला बघून हळू आवाजात म्हणाले, "छान केलंस आज. मला वाटलं नव्हतं तू इतकं बोलशील." त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिकडच्या वेळेप्रमाणे येणारे फोन ते पहाटे घेतात हे मला माहीत होतं. त्यांची मुलगी माझ्याच जुन्या शाळेत आहे, शाळेतून काही पत्र आलं की ते मला वाचायला देतात. मी ‘थँक यू सर’ म्हणाले आणि खाली बघत उभी राहिले.

शेवटची बैठक साहेबांच्या केबिनमध्ये झाली. साहेब, ऑडिटर बाई, सुपरवायझर ताई, आणि कोपऱ्यात मी. चहा आणि बिस्किटं आली. ताईंना इंग्रजी येत नाही, त्या नुसत्या मान हलवत होत्या. बाई गेल्या की त्यांना लगेच खाली पट्ट्यावर जायचं होतं, हे त्या खुर्चीच्या कडेवर ज्या तऱ्हेने बसल्या होत्या त्यावरून दिसत होतं. त्यांनी बरोबर आणलेली पाण्याची बाटली टेबलाखाली पायाशी उभी होती. मी बघितलं, तीही भरलेली होती. चहाला त्यांनी हात लावला नाही.

बाईंनी एकेक मुद्दा वाचायला सुरुवात केली. आग विझवायची नळकांडी एका ठिकाणी खोक्यांमागे गेली आहेत. प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या संपल्या आहेत. साहेब लिहून घेत होते. मग त्या म्हणाल्या की स्वच्छतागृहं पुरेशी आणि उत्तम आहेत, आणि कामाच्या वेळेत ती मोकळेपणाने वापरता येतात असं कामगारांनी स्वतः सांगितलं आहे. साहेबांनी हसून मान डोलावली. बाईंनी पान पुढे सरकवायला बोट उचललं.

मला खालचा हॉल दिसत होता. खरोखर दिसत होता, केबिनला काच आहे. पांढऱ्या टोप्यांची रांग, सगळ्या सारख्याच. त्यातली मार्गासनीची कोणती हे मला ओळखता येईना. मग एक टोपी जरा पुढे वाकली आणि दोन्ही हात पट्ट्यावरून उचलून पोटाशी धरले, थोडाच वेळ, आणि पुन्हा दाण्यांत गेले.

"मॅडम," मी इंग्रजीत म्हणाले, "तो मुद्दा बरोबर नाही. माझं भाषांतर चुकलं."

बाईंचं बोट तसंच राहिलं. मी त्यांना सांगितलं की मी वापरलेल्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, मी एका अर्थाने विचारलं आणि त्यांनी दुसऱ्या अर्थाने उत्तर दिलं, आणि ते उत्तर खरं होतं. दोष त्यांचा नाही, माझा. दुसरा अर्थ कोणता, त्यांनी विचारलं. मी तोही सांगितला. इंग्रजीत ते सगळं सहज बोलता आलं. पुस्तकातून वाचून दाखवल्यासारखं. बाईंनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला आणि त्या माझ्याकडे नीट बघू लागल्या.

साहेबांना कामापुरतं इंग्रजी येतं, पण माझं सगळं बोलणं कळलं होतं असं मला वाटत नाही. काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं. ताई साहेबांकडे बघत होत्या, साहेब माझ्याकडे.

"काय गं," ते मराठीत म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "कोणते दोन अर्थ? काय सांगितलंस तू त्यांना? मला नीट सांग."

तेच आता मराठीत सांगायचं होतं. आईसमोरसुद्धा मी जो शब्द म्हटला नव्हता तो. ‘वॉशरूम’ म्हणून चाललं नसतं, ‘अडचण’ म्हणूनही नाही. दुपारी कट्ट्यावर त्या बायकांनी जसं सांगितलं होतं, तसंच सांगायला हवं होतं. मी खाली बघायची थांबले.

"साहेब," मी म्हणाले, "आपल्याकडे बायकांना पाळी आली असेल तरच लघवीला सोडतात."